सरकार जेव्हा दूध विकत घेत होते

लहान उद्योजकाला सरकारी कंत्राट कसे मिळेल, याची चर्चा आपल्याकडे बहुधा निविदा, अनामत रक्कम आणि राखीव टक्केवारी यांपाशीच थांबते. या प्रश्नाचा जुना आणि अधिक बोलका दाखला मला गोरेगाव पूर्वेच्या आरे कॉलनीत दिसतो. १९४० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई सरकारने दूध हा एकच माल दोन निरनिराळ्या पद्धतींनी विकत घेतला. त्या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली पद्धत एकाच मोठ्या कंत्राटदाराची. महायुद्धाच्या अखेरीस मुंबईला दूध अपुरे पडू लागले. १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना आखली आणि चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंदहून दूध आणण्याचे काम पोल्सन कंपनीला दिले. कंपनी दलालांमार्फत दूध गोळा करी. सरकारने कंपनीला द्यायचा भाव ठरला होता, पण शेतकऱ्याच्या हाती किती पडावे याचे बंधन कोणावर नव्हते. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. उत्पादकांच्या संस्थेकडून सरकारने थेट दूध घ्यावे, ही मागणी होती. ती नाकारली गेली तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातले नाही. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली आणि १९४८ पासून त्याचे दूध मुंबईला येऊ लागले. पुढे ‘अमूल’ म्हणून गाजलेल्या संस्थेचे पहिले मोठे गिऱ्हाईक सरकारच होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

दुसरी पद्धत आरेची. मुंबईच्या भरवस्तीतले तबेले ही आरोग्याची मोठी अडचण होती, आणि आटलेली म्हैस सांभाळणे परवडत नसल्याने ती थेट कसायाकडे जाई. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी यावर वसाहतीचा उपाय काढला. १९४९ मध्ये सुमारे १,२८७ हेक्टर जागेवर आरे दूध वसाहत उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तेथे भेट दिली. तीसेक तबेल्यांत सोळा हजारांच्या आसपास म्हशी राहू शकत.

या व्यवस्थेतली वाटणी पाहण्यासारखी आहे. म्हैस मालकाची, पण गोठा, पाणी, रस्ते आणि दूध निर्जंतुक करणारी डेअरी सरकारची. मालक परवाना शुल्क भरी आणि दूध योजनेला घाली. एकट्या तबेलेवाल्याला ना डेअरी उभारता आली असती, ना लाखो गिऱ्हाइके शोधता आली असती. हे सगळे परवानाधारक गरीब होते असे नव्हे. तरीही शहराच्या पुरवठ्यात त्यांना जागा मिळाली, कारण भांडवलाचा सगळ्यात जड भाग खरेदीदाराने स्वतः उचलला होता.

याची दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाईक एकच असले की भाव तेच ठरवते. खेड्याच्या शेतकऱ्यांना हाच अनुभव आला. हिवाळ्यात दूध वाढे, पण मुंबई ते सगळे उचलत नसे. त्यातूनच १९५५ मध्ये आणंदला दूध भुकटीचा कारखाना निघाला. इकडे खुरोडींना शहराला स्वस्त दूध द्यायचे होते. म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून केलेले ‘टोन्ड’ दूध ही त्यांचीच देणगी. ग्राहकाचे हित आणि उत्पादकाचे हित येथे एकमेकांना भिडत होते. तरी १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन या तिघांना मिळून दिला गेला.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वसाहतीच्या आधीपासून त्या जंगलात वारल्यांचे पाडे होते. विक्रेता कोणाला म्हणायचे हे खरेदीदार ठरवतो, आणि आरेत तो मान म्हशीच्या मालकाला होता. जमिनीशी पिढ्यांचे नाते असलेल्यांना त्या करारात स्थान नव्हते.

आज कायदे पुष्कळ आहेत. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले. २०१२ च्या धोरणाने केंद्रीय खात्यांच्या खरेदीतला २० टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिला, तो २०१८ मध्ये २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. अनामत रकमेतून सूट आहे. हे सगळे आवश्यकच आहे. पण टक्केवारीने दार उघडते, आत शिरण्याचे बळ येत नाही. बचत गटाला पोषण आहाराचे काम द्यायचे असेल, तर स्वयंपाकाची जागा, साठवण आणि तपासणीची सोय कोण करणार, हे आधी सांगावे लागेल. आरेने ते सांगितले होते. माल वाढेल त्या महिन्यांत तो कोण उचलणार, हे मात्र आणंदच्या शेतकऱ्यांना स्वतःच शोधावे लागले. यापुढे निविदा लिहिणाऱ्यांनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावर लिहावीत, असे मला वाटते.