कापसाच्या वाटेनं एक दिवस मुंबई

मागच्या वेळी व्याजाचा हिशेब सांगितला होता, तेव्हा दोन-तीन गटांतून निरोप आला की ताई, आकडेमोड पुरे, आता काहीतरी गोष्ट सांगा. म्हणून आज आमच्या मुंबईच्या पायपिटीबद्दल बोलतो. फिरायला गेलो खरे, पण ज्या इमारती बघून आलो त्यांचा आपल्या गावाशी, आपल्या शेताशी जुना संबंध निघाला. तो तुमच्या कानावर घालावा असं वाटलं.

आम्ही घरचे पाच जण. आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमचे हे, दहावीतली लेक, सहावीतला मुलगा आणि आम्ही. कपाशीची उलंगवाडी झाली होती, हाताला काम नव्हतं. आत्याबाईंना समुद्र बघायचा होता. जन्मभर कापूस वेचला, पण पाणी पाहिलं ते धरणाचंच. शेगावहून रात्रीच्या गाडीत बसायचं, पहाटे मुंबईला उतरायचं आणि त्याच रात्री परत निघायचं असं ठरवलं, कारण लॉजचं भाडं ऐकूनच ह्यांनी हात जोडले होते.

निघायच्या आधी घरात एक गोष्ट धुमसत होती, तीही सांगून टाकतो. आत्याबाईंच्या माहेराकडून लेकीला स्थळ आलं होतं. मुलगा बरा, शेती ओलिताची. "साखरपुडा करून ठेवू, लग्नाचं मंग पाहू," असं त्यांचं म्हणणं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न होत नाही हे आम्ही गावोगाव सांगत फिरतो आणि आमच्याच ओसरीवर ही बोलणी! गाडीत आत्याबाई खिडकीपाशी आणि आम्ही दाराकडे तोंड करून, अशा बसलो होतो.

उतरलो तेच मोठ्या स्टेशनात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी. सामान ठेवायच्या खोलीत पिशव्या दिल्या, तोंडं धुतली आणि रस्त्यापलीकडे जाऊन मान वर करून उभे राहिलो. हे बांधायला दहा वर्षं लागली, १८७८ ते १८८८. नकाशा फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा. घुमटावर हातात मशाल घेतलेली एक बाई उभी आहे, दुसऱ्या हातापाशी चाक. ती प्रगतीची मूर्ती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. मुलानं विचारलं, मग जिंकलं कोण? आम्ही म्हटलं, स्टेशनचं नाव वाच.

देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. पण इंग्रजांनी रूळ टाकले ते फक्त माणसं बसवायला नव्हे. त्याच १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता आणि वऱ्हाडात काय पिकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आपल्या खामगावला आला आणि जलंब ते खामगाव ही छोटी लाईन त्यानं सुरू केली. एवढा मोठा लाटसाहेब त्या उन्हाळ्याच्या तोंडावर कशासाठी आला असेल? कापसासाठी.

स्टेशनजवळच, आझाद मैदानाला लागून, कामा हॉस्पिटल आहे. फक्त बायका-मुलांसाठी, १८८६ साली सुरू झालेलं. पेस्तनजी कामा यांनी पैसा दिला. डॉक्टरही बायकाच असाव्यात असं पहिल्यापासून ठरलं होतं, कारण पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मानणाऱ्या घरांतल्या बायका बाळंतपणात मरत होत्या. पहिली मुख्य डॉक्टर एडिथ पीची. इंग्लंडात बायकांना डॉक्टर होऊ देत नव्हते तेव्हा भांडून शिकलेली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी ह्याच दवाखान्यात शिरले होते, तेव्हा नर्सबाईंनी दारं लावून, दिवे घालवून बाळंतिणींना सांभाळलं. दारातून आत-बाहेर करणाऱ्या पोटुशा पोरी पाहून आत्याबाई म्हणाल्या, "सरकारी हाय ना? मंग बरं हाय." आणि पुढे चालू लागल्या.

दादाभाई नौरोजी रस्त्यानं निघालो. इथं इमारतींच्या खालूनच फुटपाथ जातो, वर कमानी, त्यामुळे ऊन लागत नाही. चालायला सोय झकास. बाईमाणसाची दुसरी सोय मात्र शोधावी लागते. जिथं दिसली तिथं जाऊन घ्यायचं, पुढं मिळेल म्हणायचं नाही, एवढं ज्या जाणार असतील त्यांनी ध्यानात ठेवा.

पंधरा-वीस मिनिटांत हुतात्मा चौक. शेतकरी आणि कामगार हातात मशाल धरून उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर इथं गोळीबार झाला. शेजारी जुनं फ्लोरा फाउंटन, १८६४ चं कारंजं. आम्ही आधी डावीकडे वळून हॉर्निमन सर्कलला गेलो. गोल बाग, समोर टाउन हॉलच्या उंच पायऱ्या. इमारत १८३३ ची. पायऱ्यांवर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि ठेचा काढला.

आता ही बाग बघा. इथं पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यात कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. लोक त्याला कॉटन ग्रीन म्हणत. पुढे कापसाचा बाजार आधी कुलाब्याला आणि मग शिवडीकडे गेला. त्या बाजूच्या लोकल स्टेशनाचं नाव आजही कॉटन ग्रीनच आहे. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांनी हातातली दशमी खाली ठेवली. "इथं? आपला कापूस?" आपलाच असेल, खानदेशचा असेल, गुजरातचा असेल. बैलगाडीनं, मग रेल्वेनं, मग बोटीनं विलायतेतल्या गिरण्यांत जायचा आणि त्याचं कापड होऊन परत आपल्यालाच विकायला यायचा.

मैत्रिणींनो, मुंबई अचानक एवढी श्रीमंत कशी झाली ते ऐका. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटलं. विलायतेच्या गिरण्यांना कापूस तिथूनच मिळत असे. बंदरं अडवली गेली, कापूस थांबला, आणि सगळे आपल्याकडे धावले. भाव आभाळाला भिडले. आपल्याकडे अशी दंतकथा आहे की त्या सालांत कोणी कोणी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. एखाद्यानं बसवल्याही असतील. पण खरा पैसा साठला तो मुंबईच्या दलालांकडे, व्यापाऱ्यांकडे. किल्ल्याच्या भिंती पाडून शहर मोठं केलं जात होतं, त्यात हा पैसा ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत रातोरात माणसं भिकेला लागली, बँक बुडाली. खेड्यात मात्र वेगळं झालं. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज तसंच राहिलं, वर सरकारचा सारा. १८७५ मध्ये पुण्याकडच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, ते याच दशकाचं ओझं. भावाची तेजी डोक्यावर आणि कर्ज उरावर हा प्रकार आपल्याला नवा नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

उठलो, परत चौकातून पुढे ओव्हल मैदानापाशी आलो. इथं मात्र खूप वेळ बसलो. एका रांगेत विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. टॉवर २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झाला. कापसाच्या सट्ट्यात राजा झालेले प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले, आणि टॉवरला आईचं नाव दिलं, राजाबाई. आईला दिसत नव्हतं, दिवेलागणीच्या आत जेवायचा नेम पाळायचा म्हणून घड्याळाचे टोले हवे होते, असं सांगतात. समोरच्या रस्त्याला तेव्हा मेयो रोड म्हणत, खामगावला आलेल्या त्याच मेयोवरून. आता तो कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आहे. लाटसाहेबाच्या जागी पोरांना शाळेत घालणारा माणूस आला, हे आम्हाला फार आवडलं.

हायकोर्टाची इमारत काळ्या दगडाची, १८७८ चीच. माथ्यावर दोन पुतळे, एक न्यायाचा, एक दयेचा. काळे कोट घालून वकिलांची ये-जा चालली होती. ह्याच कोर्टात रखमाबाईचा खटला चालला. आमच्या बी.ए.च्या पुस्तकात ती नव्हती, पुढे एका प्रशिक्षणात कळली. मैदानात बसून लेकीला सांगू लागलो, आत्याबाई पाय चेपत ऐकत होत्या.

रखमाबाईचा जन्म १८६४ चा. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. तिनं पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुन्हा लग्न केलं. लेकीचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या मुलाशी लावलं. पण रखमाबाई सासरी नांदायला गेली नाही, आईकडेच राहिली, घरी पुस्तकं वाचत मोठी झाली. १८८४ मध्ये नवऱ्यानं हायकोर्टात दावा लावला की बायको माझी आहे, ती माझ्या स्वाधीन करा. तिचं म्हणणं एवढंच होतं की कळत नव्हतं त्या वयात लावलेलं लग्न, त्याला माझी संमती नव्हती, मी जाणार नाही. १८८५ मध्ये न्यायाधीश पिन्ही म्हणाले, एखाद्या बाईला मनाविरुद्ध अशी ओढून देता येणार नाही. मग अपील झालं. ४ मार्च १८८७ ला न्यायाधीश फॅरन यांनी उलट निकाल दिला. महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

मोठमोठी शिकलेली माणसं तिच्यावर तुटून पडली होती. टिळकांचा 'केसरी'सुद्धा तिच्या विरोधात होता. तिनंही 'एक हिंदू स्त्री' अशा सहीनं इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. निकालावर तिचं उत्तर होतं, तुरुंगात जाईन.

आत्याबाईंचे हात थांबले. "जजसायबाच्या मोरं नायी म्हनली?"

म्हटलं, हो.

"मंग? गेली का जेलात?"

नाही गेली. प्रकरण विलायतेपर्यंत गाजलं आणि १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानं दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली. तिला पाठबळ देणाऱ्यांत ती मघाची एडिथ पीची होती. परत आल्यावर रखमाबाईनं आधी कामातच काम केलं, म्हणजे सकाळी आपण ज्या दारापाशी उभे होतो तिथंच, आणि नंतर सुरतेला कित्येक वर्षं बायकांचा दवाखाना चालवला. १९५५ पर्यंत जगली. तिच्या खटल्यानं उठलेल्या वादळानंतर १८९१ मध्ये मुलींच्या संमतीवयाचा कायदा झाला. वय किती, तर दहाचं बारा. एवढ्यासाठीही केवढा आरडाओरडा!

लेक म्हणाली, "आजी, तुझं लग्न किती वर्षाची असताना झालं?"

"चौदा." बराच वेळ त्या टॉवरकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मले तं कोनी इचारलंच नायी. इचारलं असतं तरी काय सांगतलं असतं म्या? सांगाचं असते हेच ठावं नवतं."

ह्यांनी उगाच बाटलीतलं पाणी पुढे केलं. आम्ही काही बोललो नाही.

पुढचं झटपट सांगतो. काळा घोडा, म्युझियम बाहेरून, आणि उन्हं कलताना गेटवे. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा आला म्हणून ही कमान बांधायची ठरली, पण तो आला तेव्हा पुठ्ठ्याचीच कमान उभी होती. खरी पुरी झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची फौज ह्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. आत्याबाईंनी समुद्राला हात जोडले, पायरीवर पाणी उडालं ते डोळ्यांना लावलं. पलीकडे पाणी कुठं संपतं, हे त्यांनी तीनदा विचारलं.

रात्री गाडीत लेक आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. कल्याण गेलं, कसारा घाट लागला. आम्हाला डुलकी लागणार तोच आत्याबाईंनी हलवलं.

"त्या रखमाबाईनं शिकाले पैसे कुठून आनले वं?"

म्हटलं, तिच्या बाजूच्या लोकांनी वर्गणी जमवली.

"म्हंजे आपल्या गटासारखं?"

थोडंसं तसंच, म्हटलं.

त्यांनी लेकीच्या अंगावर पदर ओढला आणि बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. भुसावळ गेलं, मलकापूर गेलं, शेगावला उतरायची वेळ झाली, पण माहेरच्या स्थळाचं नाव त्यांनी काढलं नाही.