गिअर हाताने की आपोआप? दोन पाटनांच्या रस्त्यांवरचा फरक

मोटारीच्या इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचविताना वेग आणि ओढ यांचे प्रमाण सतत बदलावे लागते. हे काम गिअरबॉक्स करतो. गिअर चालकाने बदलायचा की यंत्राने, एवढाच फरक वरवर दिसतो. परंतु मायलेज, ओव्हरटेक करतानाची तत्परता आणि घाटातील सुरक्षितता या तिन्ही गोष्टींवर त्याचा परिणाम होतो. शिवाय ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात, हे अनेक ग्राहकांच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत जुनी पद्धत टॉर्क कन्व्हर्टरची. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून रुळलेल्या स्वयंचलित मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सांगड क्लचऐवजी तेलातून घातली जाई. त्या तेलाच्या घुसळणीत काही शक्ती वाया जात असे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरही तीन-चारच असत. ‘ऑटोमॅटिक जास्त पेट्रोल पिते’ हा समज त्या काळाचा असून तेव्हा तो खराही होता. पुढे गिअर वाढले, ठरावीक वेगानंतर तेलाची सांगड बंद करून थेट जोडणी करणारा लॉक-अप क्लच आला आणि हा फरक बराच कमी झाला. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींचा व्यास बदलत राहतो. ड्युअल क्लच पद्धतीत पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल क्षणार्धात होतो, मात्र वाहतूक कोंडीत तिचे कोरडे क्लच तापतात.

भारतात ऑटोमॅटिक सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली ती एएमटीने. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओत ती आली, तेव्हा साध्या गिअरच्या गाडीपेक्षा किंमत सुमारे ४० हजार रुपयांनीच अधिक होती. कारण यातला गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. सेलेरिओच्या दोन्ही प्रकारांचे प्रमाणित मायलेज लिटरला २३.१ किलोमीटर, असे समान होते. २०१५ च्या टाटा नॅनोत मात्र साध्या गिअरला २३.६ आणि एएमटीला २१.९ असा फरक पडला. २०२४ च्या स्विफ्टमध्ये पारडे फिरले : साधा गिअर २४.८०, एएमटी २५.७५. हे आकडे प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीचे आहेत. रस्त्यावर ते क्वचितच मिळतात. पण तुलनेला उपयोगी पडतात.

आता रस्त्याकडे वळू. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातले पाटन नर्मदेच्या खोऱ्यात आहे. तेथील बव्हंशी सपाट रस्त्यांवर एएमटी सुखाची ठरते. सावध राहायचे ते ओव्हरटेक करताना. गिअर बदलताना एकच क्लच सुटत असल्याने चाकांकडे जाणारी ओढ क्षणभर थांबते. समोरून ट्रक येत असताना तो क्षण मोठा वाटतो. हाताने गिअर टाकणारा चालक आधीच खालचा गिअर घेऊन तयार राहतो. एएमटीतही मॅन्युअल मोड निवडून तसे करता येते.

त्याच नावाचे दुसरे पाटन सातारा जिल्ह्यात, कराडहून चिपळूणला जाणाऱ्या मार्गावर आहे. पुढे कुंभार्ली घाट लागतो आणि तुलनेचे गणित बदलते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिनाचा रोध वापरावा लागतो. साध्या गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकला की काम होते. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’ मध्येच ठेवल्यास चालकाची अपेक्षा न ओळखता ती वरचा गिअर घेऊ शकते. म्हणून उतरणीला मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ निवडणे आवश्यक आहे. ही सोय गाडीत नेमकी कोठे आहे, हे घाटात शिरण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

चढणीवर थांबल्यास एएमटी गाडी मागे घसरू शकते, कारण आत क्लचच असतो. काही गाड्यांत ती रोखण्यासाठी हिल होल्डची व्यवस्था असते. ती नसल्यास हँडब्रेक ओढून, मग ॲक्सिलरेटर देऊन सुटावे. ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरणे टाळावे. त्यात क्लच प्लेट जळते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला मध्यम चढणीवर असा त्रास फारसा होत नाही, आणि घाटातच राहणाऱ्याने तिची जादा किंमत मोजणे योग्य ठरू शकते.