काळ्या पडद्याची कुळकथा

१/ नवे कर्नल बसवले, संगणक पुन्हा सुरू केला आणि समोर उरला तो निव्वळ काळा पडदा! लिनक्सवर खेळ खेळू पाहणाऱ्या अनेकांनी हा प्रसंग अनुभवला आहे. या काळोखामागे तीन दशकांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर दोष कोठे शोधावा हेही उमगते.

२/ १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचे कर्नल जगापुढे मांडले. पडद्यावरील खिडक्यांचे काम मात्र १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जन्मलेल्या एक्स प्रणालीकडे आले. त्रिमितीय चित्रांसाठी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये मेसा लिहावयास घेतले. आरंभीचे मेसा सारे गणित प्रोसेसरकडूनच करून घेई. चित्र उमटे, पण वेग नसे.

३/ १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. त्याचे ग्लाइड हे सॉफ्टवेअर लिनक्सवर आणले गेले आणि ‘क्वेक’सारखा खेळ तेथेही वेगाने धावू लागला. परंतु २००० च्या अखेरीस ही कंपनी मावळली आणि तिची तंत्रसंपदा एनव्हिडियाकडे गेली. लिनक्ससाठी खेळ आणणारी लोकी ही संस्थाही २००२ मध्ये बंद पडली.

४/ एनव्हिडियाने लिनक्सला ड्रायव्हर दिला. तो वेगवान होता, पण त्याचा स्रोत बंद होता. येथेच काळ्या पडद्याचे मूळ आहे. कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते. कर्नलच्या घरातले ड्रायव्हर त्याबरोबरच दुरुस्त होतात, बाहेरचा मात्र दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. ही जुळणी आपोआप व्हावी म्हणून डेल कंपनीत डीकेएमएस हे साधन घडले.

५/ २००५ मध्ये काही स्वयंसेवकांनी वेगळी वाट धरली. बंद ड्रायव्हर कार्डाला कोणत्या आज्ञा देतो, याचे निरीक्षण करून त्यांनी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर रचला. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये सामील झाला. पुढे मात्र एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर लागू लागले. ते हाती नसल्याने नूवोला कार्डाचा वेग वाढवता येईना. २०१२ मध्ये फिनलंडमधील एका सभेत टोरवाल्ड्स यांनी या कंपनीचा जाहीर आणि अत्यंत कडक शब्दांत निषेध केला.

६/ दुसरीकडे, २००६ मध्ये एटीआय विकत घेणाऱ्या एएमडीने पुढल्याच वर्षी आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे ठरवले. २०१५ मध्ये तिचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणले आणि विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये एएमडीची चिप असलेले स्टीम डेक बाजारात आले. त्याच वर्षी एनव्हिडियानेही आपल्या कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. ड्रायव्हरचा उर्वरित भाग मात्र बंदच राहिला.

७/ आता निदान. पडदा काळा झाला, तर सुरुवातीच्या यादीतून जुने कर्नल निवडा. तेथे सारे सुरळीत चालले, तर कार्ड निर्दोष आहे आणि नव्या कर्नलसाठी मॉड्यूलची जुळणी झालेली नाही, असा संशय प्रथम घ्यावा. जुळणी होऊनही मॉड्यूल चालत नसेल, तर सिक्युअर बूट पाहा. स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल ते अडवू शकते. एकाच कार्डावर नूवो आणि एनव्हिडिया दोघेही हक्क सांगत नाहीत ना, हेही तपासा.

८/ खेळ चालतो, पण रखडतो? रेंडररच्या नावात ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर कार्ड स्वस्थ बसले आहे आणि चित्रे प्रोसेसर काढत आहे. म्हणजे आपला संगणक मेसाच्या बाल्यावस्थेत परतला आहे!

९/ काळा पडदा पाहून अनेक जण लिनक्सलाच रामराम ठोकतात. बहुधा दोष यंत्राचा नसतो, वापरणाऱ्याचा तर नसतोच. खुले आणि बंद अशा दोन परंपरांचा सांधा तेथे निखळलेला असतो. तो कोठे निखळला हे ज्याला कळले, त्याची निम्मी दुरुस्ती झालीच.