१५ जानेवारी १८६४ : फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांचा जन्म

अमेरिकेतल्या पहिल्या नामवंत महिला छायाचित्रकारांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांचा हा जन्मदिवस. पहिला कॅमेरा त्यांना दिला तो कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी. पुढे बाईंनी राष्ट्राध्यक्षांचे फोटो काढले, नाव कमावलं. एका हातात सिगारेट, दुसऱ्यात बिअरचा मग, असं १८९६ मधलं त्यांचं स्वतःचं छायाचित्र तर आजही गाजतं.

पण खरं मोठं काम त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर हाती घेतलं. १९३३ पासून कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने त्यांनी दक्षिणेतली नऊ राज्यं पालथी घातली आणि तिथल्या जुन्या वास्तूंची सात हजारांहून अधिक छायाचित्रं टिपली. नुसते उंच खांबांचे, रुंद व्हरांड्यांचे जमीनदारी वाडे नव्हेत; गुलामांच्या खोल्या, धान्याची कोठारं, पडायला आलेली साधी घरंही. वाड्यांच्या दिमाखावर खूश होऊन त्या थांबल्या नाहीत, हे विशेष. त्यातल्या कित्येक इमारती आता उरल्या आहेत त्या फक्त या फोटोंत.

हा ठेवा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. १९४५ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना मानद सदस्यत्व दिलं. १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचं निधन झालं.