वाचादोष आणि बोलीभेद : पनवेल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आलोचन

पनवेल-उरण भागातील आगरी घरात वाढणारे मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोला’ आणि ‘घोडा’ऐवजी ‘घोरा’ म्हणते. त्याच्या घरी हेच उच्चार रूढ असतात. आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांच्या तोंडी तेच ऐकू येतात. शाळेत गेल्यावर मात्र ते मूल ‘बोबडे’ ठरण्याचा संभव असतो. उलटपक्षी, प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातील मोठे मूल ‘डोला’ म्हणत राहिले, तर त्याच्या उच्चारविकासाची तपासणी करणे युक्त ठरेल. उच्चार एकच, परंतु एके ठिकाणी तो बोलीचा नियम होय, तर दुसऱ्या ठिकाणी कदाचित दोष. बालकांच्या वाचादोषांच्या अभ्यासाला हा विवेक साधण्यास फार काळ लागला.

भारतीय परंपरेत या विषयाचे दोन प्रवाह दिसतात. वेदपठणाची शुद्धी हे ज्यांचे प्रयोजन, त्या शिक्षाग्रंथांत गद्गद व बद्धजिह्व मनुष्य वर्णोच्चारास अपात्र मानला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मात्र मूक, मिन्मिण व गद्गद या अवस्थांची गणना वातव्याधींत केली असून, कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्या आवृत झाल्याने त्या उद्भवतात, अशी उपपत्ती मांडली आहे. एक प्रवाह दोषी माणसाला दूर ठेवतो. दुसरा त्याला रोगी समजून कारण शोधतो. ती उपपत्ती आज ग्राह्य नसली, तरी प्रश्नाची दिशा योग्य होती. पनवेल येथे १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी स्थापिलेला धूतपापेश्वर औषधी कारखाना याच आयुर्वेदपरंपरेतला. घरोघरी सहाणेवर वेखंड उगाळून बाळाला चाटविण्याची चालही तिच्याशीच निगडित आहे. वेखंडाचे संस्कृत नाव ‘वचा’. त्याचा संबंध वाणीशी जोडला जातो. तथापि उशिरा बोलणे, अस्पष्ट बोलणे आणि अडखळणे या तिन्ही गोष्टींना एकच उपाय योजला गेल्याने त्यांतील भेद व्यवहारात पुसट झाला.

भाषेजवळ मात्र हा भेद दाखविणारे शब्द होते. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘बोबडा’ व ‘तोतरा’ हे दोन्ही शब्द आढळतात. काटेकोरपणे पाहता बोबड्या बोलण्यात वर्ण बदलतात. तोतऱ्या बोलण्यात वर्ण बहुधा ठीक असून ओघ खंडित होतो. आद्य ध्वनी पुनःपुन्हा उच्चारला जातो, तो लांबतो, किंवा शब्द ओठांशी येऊन अडतो. पुढे ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) कोकण किनाऱ्यावरील बोलींचे नमुने नोंदवून, त्यांच्या उच्चारांना स्वतःची व्यवस्था आहे हे दाखविले. परंतु बोलीचा अभ्यास आणि वाचादोषाचा अभ्यास हे दोन मार्ग दीर्घकाळ परस्परांना भेटले नाहीत.

तोतरेपणाच्या आधुनिक संशोधनाचे एक प्रमुख केंद्र अमेरिकेतील आयोवा विद्यापीठ होय. तेथे ली ट्रॅव्हिस यांनी मेंदूच्या दोन गोलार्धांतील प्राधान्याच्या अभावात या दोषाचे मूळ शोधले. त्यांचे शिष्य वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांनी नेमके उलट प्रतिपादन केले : मुलाचे स्वाभाविक अडखळणे आईबापांनी ‘दोष’ म्हणून हेरले, की त्यातूनच दोष जन्माला येतो. १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर यांनी डेव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील सामान्यपणे बोलणाऱ्या सहा मुलांना ‘तुम्ही तोतरे आहात’ असे सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाल्याचे पुढील विश्लेषणांत सिद्ध झाले नाही. पण त्यांपैकी काही बुजली व बोलणे टाळू लागली. २००१ मध्ये हा प्रकार उजेडात आल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने नुकसानभरपाई मान्य केली. नाव ठेवल्याने रोग होत नसला, तरी नाव ठेवण्याची इजा खरी असते, हा या प्रकरणाचा बोध होय.

पुढे इलिनॉय विद्यापीठातील एहुद यायरी व निकोलिन अँब्रोझ यांनी लहान मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून, दोन ते पाच या वयात सुरू होणारे तोतरेपण बहुसंख्य मुलांत ओसरते, असे दाखविले. २०१० मध्ये पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून काही जनुकांचा संबंध पुढे आला. आईबापांवरील दोषारोप त्यामुळे मागे पडला.

भाषिक विकारांच्या बाबतीत २०१६-१७ मध्ये डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने झालेली तज्ज्ञांची सहमती महत्त्वाची आहे. मुलाला शाळेची भाषा अपरिचित असणे हा विकार नव्हे. घरच्या भाषेतही अडचण असेल तरच विकार म्हणावा, असे तीत स्पष्ट केले आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यातील २०१६ च्या पाहणीत ज्ञात कारणावाचूनचा असा विकार सुमारे साडेसात टक्के मुलांत आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात सरासरी दोघे.

भारतात म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ पासून, तर वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत १९८३ नंतर या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा यांच्या दिव्यांगतेला स्थान मिळाले. तथापि त्यातील व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थाजन्य कारणांनी आलेल्या कायमच्या दिव्यांगतेपुरती आहे. बालकांच्या तोतरेपणाचा तीत नामनिर्देश नाही.

या इतिहासातून एक व्यावहारिक निकष हाती येतो. आवर्तन, लांबण व अवरोध या तोतरेपणाच्या खुणा आगरीत, प्रमाण मराठीत वा हिंदीत सारख्याच ओळखता येतात. मूल कोणती बोली बोलते यावर त्या अवलंबून नाहीत. उच्चारदोष व भाषिक विकार मात्र घरच्या बोलीच्या मापानेच मोजावे लागतात. सिडकोच्या वसाहती वाढल्यापासून पनवेलच्या वर्गांत आगरी, प्रमाण मराठी, हिंदी व गुजराती बोलणारी मुले शेजारी बसतात. तेथे एकाच मापाने तपासणी केली, तर दुहेरी अन्याय संभवतो : ‘पानी’ म्हणणारे निरोगी मूल दोषी ठरेल, आणि आपल्या आगरीतही वाक्य जुळविता न येणारे मूल ‘बोलीमुळे असे बोलते’ म्हणून उपचारावाचून राहील. दुसरा अन्याय अधिक गंभीर होय, कारण तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मूल कसे बोलते, याआधी त्याच्या घरी कसे बोलतात, ही विचारणा शिक्षकाने व चिकित्सकाने प्रथम केली पाहिजे. आणि बोलीनिहाय मापे सिद्ध करणे हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे कर्तव्य होय.