जांभळ्या घेवड्याचा परदेशी मांडव

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॉन्टिसेलो नावाच्या टेकडीवर तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं घर आहे. घराशेजारी, गुलाम मजुरांनी डोंगरउतार खोदून तयार केलेल्या हजार फूट लांबीच्या पट्टीवर, त्यांची भाजीबाग आजही राखलेली आहे. उन्हाळा उतरणीला लागला की तिथला एक मांडव जांभळा होऊन जातो. त्यावर चढलेला वेल मराठी माणसाला ओळखायला वेळ लागणार नाही. एका देठावर तीन-तीन पानं, पानांच्या वर उभे निघालेले फुलांचे तुरे आणि चपट्या, तकतकीत शेंगा. हा आपला घेवडा, वाल-पावट्याचा सख्खा भाऊ. तिथे मात्र तो बघण्यासाठी लावतात. शेंगा कुणी खुडत नाही.

वाल, पावटा, वालपापडी, घेवडा ही नावं आपण चव, आकार आणि गावाप्रमाणे वेगवेगळी वापरतो, पण वनस्पतिशास्त्राच्या लेखी ही सगळी एकच जात: लॅबलॅब पर्प्युरियस. तिचं मूळ आफ्रिकेत. पूर्व आफ्रिकेत तिचे रानटी वेल अजून सापडतात. शेंगेत दोन दाणे असणारी आणि चार दाणे असणारी अशा तिच्या दोन शाखा आहेत, आणि माणसाने त्या स्वतंत्रपणे माणसाळवल्या असं आनुवंशिक अभ्यास सांगतात. भारतात ती फार लवकर आली. कर्नाटकातल्या हळ्ळूर आणि संगनकल्लू या नवाश्मयुगीन वस्त्यांत तिचे जळके दाणे मिळाले आहेत, म्हणजे निदान साडेतीन हजार वर्षं दख्खन हे धान्य रांधते आहे. चरकसंहितेतला ‘निष्पाव’ म्हणजे हाच वाल, असं मानतात.

आपल्याकडे या जातीची दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात. रायगडात भातकापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर आणि पुढे दवावर वाल वाढतो, बुटका, झुडपासारखा. त्याच्या कोवळ्या शेंगा पोपटीच्या मडक्यात जातात, सुके दाणे डब्यात. परसातला घेवडा मात्र उंच जाणारा. मृगाच्या पावसात आळ्यात बी टोचायचं, काठी द्यायची आणि मांडवावर सोडून द्यायचं. पंधरा-वीस फूट तो सहज चढतो.

सुक्या दाण्यांचं एक फार महत्त्वाचं प्रकरण आहे. या दाण्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. गडद रंगाच्या दाण्यांबद्दल तर विशेष सावध राहावं लागतं. कच्चे किंवा अर्धेकच्चे दाणे खाल्ले तर बाधतात. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, मग त्या डाळिंब्या नीट शिजवायच्या. बिरड्यासाठी एवढा खटाटोप चवीकरताच होतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात भिजवलेलं पाणी फेकण्यात, साल काढण्यात आणि पुरतं शिजवण्यात दाण्यातला अपाय कमी करण्याची रीत दडलेली आहे. कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ती स्वयंपाकघरात पक्की झाली. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत थोर वाटतो.

युरोपला हा वेल इजिप्तमार्गे कळला. व्हेनिसच्या वाणिज्यदूताबरोबर कैरोत राहिलेला वैद्य प्रॉस्पेरो अल्पिनी याने 1592 साली इजिप्तच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला आणि त्यात तिथल्या ‘लबलब’चं वर्णन केलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तेच नाव उचललं, 1763 मध्ये जांभळ्या वेलाला वेगळं नाव दिलं, आणि 1826 मध्ये रॉबर्ट स्वीट या इंग्रज बागतज्ज्ञाने आजचं नाव रूढ केलं. या नावातला ‘पर्प्युरियस’ म्हणजे जांभळा. वेल जगाच्या दप्तरात आपल्या रंगानेच नोंदला गेला.

अमेरिकेत फिलाडेल्फियाचे बियाणे-व्यापारी बर्नार्ड मॅकमेहन 1804 च्या सुमारास याचं बी विकत होते, आणि जेफरसन त्यांचे गिऱ्हाईक. एवढ्या धाग्यावर ‘जेफरसनचा घेवडा’ ही दंतकथा उभी राहिली. जेफरसन यांच्या बागेच्या वहीत 1812 साली पांढऱ्या, किरमिजी, शेंदरी आणि जांभळ्या ‘मांडवाच्या शेंगवेलां’ची नोंद आहे, जातीचं नाव नाही. शेंदरी म्हणजे बहुधा मेक्सिकोचा लाल फुलांचा घेवडा, ही वेगळीच जात. जांभळा आपला असू शकेल, पण तसं छातीठोक म्हणायला वहीत आधार नाही. बियाण्यांच्या पाकिटांवर मात्र ते बिनदिक्कत छापलेलं असतं. आणि त्या बागेत वेल ज्यांच्या हातांनी वाढले, त्या वर्मली ह्यूजेस या गुलामगिरीत जखडलेल्या माळ्याचं नाव त्या पाकिटांवर का नसावं, हा प्रश्न मला दंतकथेहून मोठा वाटतो.

मेक्सिकोच्या त्या लाल घेवड्याने नेमका उलटा प्रवास केला. इंग्लंडमध्ये माळी जॉन ट्रॅडस्कंट यांच्या लंडनजवळच्या बागेत तो सतराव्या शतकात आला तो फुलांसाठी. शेंगा खाव्यात अशी भलामण अठराव्या शतकात चेल्सीच्या औषधी बागेचे प्रमुख फिलिप मिलर यांनी केली. आज इंग्रजांच्या परसात तो पक्का भाजीचा वेल आहे. म्हणजे भाजी आणि शोभा हा फरक वेलाच्या अंगात नसतो.

मग वालाची तिकडे शोभाच का झाली? माझ्या मते, बी समुद्रापार गेलं तेव्हा रांधप त्याच्या सोबत गेलं नाही. डाळिंब्या सोलणारे हात मागे राहिले आणि पाकिटावर उरली फक्त विषाची सूचना. शिवाय ऋतूचा अडसर होता. आपले परसातले जुने वाण दिवस लहान होऊ लागले की फुलतात, कार्तिकापासून पुढे. उत्तरेकडे तोवर हिमाचा कडाका येऊन वेल जळतो. लवकर फुलून बी धरणारे वेलच तिथे टिकणार. माळ्यांनी त्यातलेही गडद खोडाचे, गडद शेंगांचे वेल निवडले. ‘रुबी मून’ हा आजचा नावाजलेला वाण त्याच पसंतीतला. कडक उन्हाळ्यात इतर फुलझाडं माना टाकतात तेव्हा हा कुंपण झाकून टाकतो, ही त्याची तिकडची कीर्ती.

आपण मात्र त्याच्या फुलाकडे बघतच नाही, आणि ही उणीव मला खरोखर खुपते. तुरा खालून वर उमलत जातो, म्हणून एकाच दांड्यावर खाली कोवळी शेंग, मध्ये फूल आणि टोकाला कळी दिसते. वरची पाकळी मागे वळलेली, बाजूला दोन पंख, आणि मधली होडी काटकोनात मुडपलेली. फुलं फिकट जांभळी, काही वाणांत शुभ्र. सकाळी मधमाश्या त्यांवरून हटत नाहीत.

फुलांसाठी लावायचा असेल तर गडद शेंगांचं गावठी बी मिळवावं, शेणखत बेताचं घालावं. नाहीतर पालाच माजतो. शेंड्यांवर काळा मावा बसतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. कोवळ्या शेंगा खुडत राहिलं की तुरे येत राहतात, आणि त्या शेंगांची भाजी होतेच. पाकिटातून आणलेलं शोभेचं बी औषध लावलेलं असू शकतं, ते पेरण्यापुरतंच ठेवावं, खाण्याच्या वालात मिसळू देऊ नये.