एक नवे, एक जुने: एका फुप्फुसाच्या प्रत्यारोपणानंतर

हृदय बदलताना जुने हृदय काढून टाकावे लागते. मूत्रपिंड बसवताना जुनी मूत्रपिंडे बहुधा आत तशीच ठेवतात. पण त्यांच्याकडून कामाची अपेक्षा नसते. एकाच फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाचे तसे नाही. एका बाजूस दात्याचे निरोगी फुप्फुस, दुसऱ्या बाजूस रुग्णाचे स्वतःचे रोगट फुप्फुस, आणि दोहोंना हवा पोचवणारी श्वासनलिका एकच! अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात राहणारा रुग्ण मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घरी परतला, तर पुढची अनेक वर्षे त्याची प्रकृती ज्या आकड्यावरून जोखली जाते, तो आकडा या दोन्ही फुप्फुसांच्या श्वासाची बेरीज असतो. ही बेरीज वाचणे वाटते तितके सोपे नाही.

मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढील वीस वर्षांतील प्रयत्नांनाही टिकाऊ यश आले नाही. ते मिळाले १९८३ मध्ये, टोरांटोच्या डॉ. जोएल कूपर यांना. त्यांचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला. त्यांनी निवडलेल्या रुग्णास फुप्फुस-तंतुमयता, म्हणजे फुप्फुसाचे मऊ ऊतक वाळून कठीण होण्याचा विकार होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. असे फुप्फुस ताठर असल्याने त्यात हवा शिरत नाही आणि रक्तवाहिन्या आक्रसल्याने रक्तही फारसे जात नाही. त्यामुळे हवा आणि रक्त दोन्ही आपोआप नव्या फुप्फुसाकडे वळतात. जुने फुप्फुस छातीत असूनही कामाच्या हिशेबात जवळजवळ नसल्यासारखेच.

वातस्फीती, म्हणजे मुख्यतः दीर्घकाळच्या धूम्रपानाने वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा विकार, याच्या नेमका उलट वागतो. तेथे जुने फुप्फुस ताठर नसून सैल, फुगलेले असते. हवा त्यात सहज शिरते, पण बाहेर पडत नाही. हे फुगलेले फुप्फुस हृदयासह छातीचा मधला भाग पलीकडे ढकलील आणि नव्या फुप्फुसास दाबून टाकील, या भीतीने अशा रुग्णांत एकच फुप्फुस बसवणे बराच काळ अयोग्य मानले जाई. पॅरिसमधील वैद्यांनी १९८९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा ही भीती सर्वस्वी खरी नसल्याचे दिसले. सर्वस्वी खोटीही नव्हती, हे पुढे काही रुग्णांत प्रत्ययास आले. त्यांच्यात जुन्या फुप्फुसाचा फुगलेला भाग कापून त्याचे आकारमान कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

छातीचा पिंजरा ही काही पक्क्या मापाची पेटी नव्हे. तंतुमयतेत तो आक्रसतो व श्वासपटल वर चढते. वातस्फीतीत तो पिंपासारखा फुगतो व श्वासपटल सपाट होते. प्रत्यारोपणानंतर दोन्ही प्रकारांत हा पिंजरा मूळ मापाकडे थोडाफार परततो. दात्याचे फुप्फुस निवडताना म्हणूनच दाता व रुग्ण यांची उंची आणि लिंग यांवरून दोघांच्या फुप्फुसांचे अपेक्षित घनफळ ताडून पाहतात. निरोगी माणसात उजवे फुप्फुस डाव्याहून काहीसे मोठे, एकूण घनफळाच्या निम्म्याहून थोडे अधिक असते, हाही हिशेब त्यात येतो.

आता आकड्यांकडे वळू. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जितकी हवा बाहेर पडते, ते माप सर्वांत महत्त्वाचे. वातस्फीतीच्या रुग्णात एक फुप्फुस बसवल्यावर ते अपेक्षित मूल्याच्या साधारण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत चढते. दोन्ही फुप्फुसे बदलल्यास ते बहुधा निरोगी माणसाच्या पातळीजवळ जाते. एका फुप्फुसाच्या बाबतीत हा चढ बहुधा तीन ते सहा महिन्यांत पूर्ण होतो. पन्नास टक्के म्हणजे अर्धेच यश, असे मात्र समजू नये. जो रुग्ण पूर्वी न्हाणीघरापर्यंत जाताना धापा टाकत होता, तो या पन्नास टक्क्यांवर जिना चढतो.

खरी परीक्षा पुढच्या वर्षांत होते. शरीर परक्या फुप्फुसास हळूहळू नाकारते आणि त्याच्या बारीक श्वासनलिका व्रण भरून बंद होत जातात. पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत हा विकार आढळतो. रुग्णाने गाठलेल्या सर्वोत्तम पातळीपासून पहिल्या सेकंदाचे माप २० टक्के वा अधिक घसरले आणि ती घसरण टिकून राहिली, की इतर कारणे वगळून निदान करावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१९ मध्ये ठरला. या विकाराच्या दुसऱ्या, अधिक घातक प्रकारात फुप्फुसांची एकूण धारणक्षमताही १० टक्के वा त्याहून अधिक घटते.

एका फुप्फुसाच्या रुग्णात पेच पडतो तो येथेच. तंतुमयता जुन्या फुप्फुसात वाढतच राहते. ते वर्षागणिक आणखी आकसते आणि एकूण धारणक्षमता खाली येते. अशा वेळी नवे फुप्फुस ठणठणीत असूनही आकडा घसरलेला दिसू शकतो. वातस्फीतीत जुने फुप्फुस फुगून नव्यास दाबत असेल, तरीही आकडा घसरतो. फुंकण्याच्या यंत्राला डावे-उजवे कळत नाही. शिवाय जोर लावून सोडल्यावरही आत उरणारी हवा ते मोजूच शकत नाही. त्यासाठी बंद काचेच्या कक्षात बसवून करायची निराळी चाचणी लागते. कोणत्या बाजूचे घनफळ बदलले हे सीटी स्कॅनवरून दोन्ही फुप्फुसे वेगवेगळी मोजल्यावरच उमगते. जुन्या फुप्फुसात जंतुसंसर्ग, हवेची गळती किंवा कर्करोग उद्भवल्यासही त्याच चित्रात तो सापडण्याची शक्यता असते.

टक्केवारी कशाच्या तुलनेत काढायची, हाही प्रश्न लहान नाही. युरोपीय लोकांची प्रमाणमूल्ये भारतीयांना लावली, तर निरोगी भारतीयही दुबळा ठरतो. मुंबईतील डॉ. फारोख उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांच्या फुप्फुसांची मोजमापे १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, ती याच गरजेतून. प्रत्यारोपणानंतर मात्र तुलना लोकांशी नसून रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याशी असते. त्यामुळे पहिल्या वर्षातील नोंदी जपून ठेवण्याला पर्याय नाही.

फुप्फुसे ताठर करणाऱ्या विकारांच्या भारतीय नोंदवहीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांचा आजार श्वासावाटे गेलेल्या धूलिकणांच्या व बुरशीच्या अतिसंवेदनशीलतेतून आलेला होता. पक्ष्यांची विष्ठा व पिसे ही त्याची ठाऊक असलेली कारणे आहेत. कबुतरांना खिडकीत दाणे टाकणाऱ्या महानगराने हे वाचून विचार करायला हरकत नाही.

ठाणे जिल्ह्यातील रुग्णास मेंदूमृत दात्याचे फुप्फुस मिळते ते मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीतून. एका दात्याची दोन फुप्फुसे दोघांना देता येतात, हा एकाच फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा मोठा आधार. दुसऱ्या पारड्यात आयुर्मान आहे. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार एका फुप्फुसाचे निम्मे रुग्ण सुमारे पाच वर्षे जगतात, तर दोन फुप्फुसांचे निम्मे रुग्ण सात वर्षांहून अधिक. अर्थात एकच फुप्फुस मिळणारे रुग्ण बहुधा वयाने मोठे असतात, हे विसरून ही तुलना करता येणार नाही.

औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वसलेल्या पालेगावात परतणाऱ्या रुग्णाला धूर, बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यात ओलावलेल्या भिंतींवरची बुरशी यांपासून सांभाळावे लागेल. नव्या फुप्फुसाच्या मज्जातंतू जोडल्या जात नाहीत. त्यामुळे जोडाच्या खाली काही साठले तरी खोकल्याची उबळ येत नाही आणि त्रास उशिरा कळतो. म्हणूनच घरच्या घरी फुंकण्याचे लहान यंत्र देतात. रोज सकाळी एकाच वेळी फुंकून आकडा वहीत लिहायचा असतो. तो सलग दोन-तीन दिवस १० टक्क्यांनी कमी आला, तर ताप वा खोकला नसला तरी लोकल पकडून रुग्णालय गाठावे, आणि जाताना आधीचा सीटी स्कॅन बरोबर न्यावा.